लाभ कोण?

गुरुवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी रंजिताची परीक्षा थांबवण्यात आली. पडद्यावरचा बत्तिसावा प्रश्न नाहीसा झाला आणि त्याच्या जागी राखाडी चौकट आली. चौकटीत एक केस नंबर होता आणि खाली एक ओळ होती : निरीक्षकाने सत्र समाप्त केले आहे. साठपैकी एकतीस प्रश्न झाले होते. पंचेचाळीस मिनिटं शिल्लक होती.

रंजितानं दाराची कडी काढली. आसगावच्या त्या घरात आतून कडी लागणारी एवढीच एक खोली, धान ठेवायची, म्हणून परीक्षा तिथं. बाहेर ओसरीवर तिची आई दुर्गाबाई सकाळपासून पहारा देत बसली होती. शेजारच्या शकुनबाईला तिनं दोनदा फाटकातूनच परत पाठवलं होतं.

"संपला पेपर?" दुर्गाबाईनं विचारलं.

"संपवला."

"वेळेच्या आधीच? हुशार हाय माही पोरगी."

"मी नाही संपवला, माय. त्यायनं संपवला."

"काहून?"

रंजिता उंबऱ्यावर बसली. काहून, ते एका वाक्यात सांगता येण्यासारखं असतं तर तिनं निरीक्षकालाच सांगितलं नसतं का?

परीक्षा नेटवर्किंगची होती, अगदी पहिल्या पायरीची. कॉम्प्युटर एकमेकांशी कसे जोडायचे, त्यांना पत्ते कसे द्यायचे, जोडणी तुटली तर दोष कुठं शोधायचा, एवढंच. पण नागपूरच्या एका कंपनीनं मुलाखत घेऊन तिची निवड केली होती ती या प्रमाणपत्राच्या अटीवर. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत निकाल मेलवर पाहिजे. नाही आला तर यादीतला पुढचा माणूस. नागपूरच्या केंद्रावर त्या आठवड्यात एकही तारीख मोकळी नव्हती, म्हणून घरून द्यायची ठरली : समोर कॅमेरा, कानात काही नाही, आणि कुठल्यातरी शहरात बसून पडद्यावरून पाहणारा निरीक्षक. नापास झालं तर पुन्हा बसायला चौदा दिवस थांबावं लागणार होतं. म्हणजे शनिवारच्या हिशेबानं एकच संधी.

तयारीत तिनं कसर ठेवली नव्हती. तिचा चुलतभाऊ धर्मेंद्र पवनीला कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. आठवड्यातून तीन दिवस ती बसनं त्याच्याकडे जायची, उरलेले दिवस घरी सराव. तारांचे रंग, पोर्टांचे आकडे, सगळं पाठ झालं. अडलं ते एकाच ठिकाणी. मोठ्या जाळ्याचे लहान भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात किती यंत्रांना पत्ते देता येतील ते सांगायचं, तिथं रंजिताचं उत्तर दर वेळी चुकायचं. फार नाही, एक-दोनानंच.

"हे पाह्य," धर्मेंद्र फळ्यावर चौकोन काढायचा. "एक मोठी बांधी हाय, धानाचं वावर. मधात मातीचे धुरे टाकले, चार झाल्या. प्रत्येकीत चौसष्ट पत्ते. त्यातला पहिला कोणाले देत नाही, तो बांधीचं नाव हाय. शेवटचा देत नाही, तो सगळ्यायले एकदम हाक माराले. उरले किती?"

"बासष्ट."

"शाब्बास. आता चौसष्टपासून सुरू होणाऱ्या बांधीतलं पहिलं यंत्र कोणतं?"

"चौसष्ट."

धर्मेंद्र खडू खाली ठेवायचा. "आत्ता का सांगतलं मी?"

"पहिला द्याचा नाही."

"मंग?"

"पण दादा, मोजाले बसलं की पहिला तर चौसष्टच येते ना."

"येते! येते, पण देत नाही!"

"मंग मोजता कायले?"

हा संवाद दिवाळीपर्यंत इतक्या वेळा झाला की क्लासमधली बाकीची पोरं तो दोन बाजू वाटून म्हणून दाखवायची. सराव परीक्षेत साठातले आठ-नऊ प्रश्न याच एका आकड्यानं जायचे आणि पास व्हायला नेमके तेवढेच कमी पडायचे. धर्मेंद्र एका रविवारी खास तेवढ्यासाठी आसगावला आला, ओसरीवर बसून दीड तास बोलला, आणि शेवटी म्हणाला, "काकू, हिले एकपासून मोजाची सवय कोणं लावली?"

दुर्गाबाई पलीकडे वर्षाचं खायचं धान मोजत होती. विकायचं धान काट्यावर जातं. घरचं मात्र ती अजून पायलीनंच मोजते. ती मान वर न करता म्हणाली, "एकपासून कोण मोजते? पहिल्या मापाले कोणी एक म्हणते का?"

"मंग का म्हणते?"

"लाभ म्हणते. लाभ, दोन, तीन, चार. पहिलं माप लक्ष्मीचं. अन् शेवटी ढोली पुरी झाडून काढत नाही, मूठभर ठेवते आत. एवढं शिकून तुमाले हे माहीत नाही?"

ढोली म्हणजे धानाच्या खोलीच्या कोपऱ्यातली बांबूची, शेणामातीनं लिंपलेली, माणसाच्या छातीएवढी धान्याची कणगी. रंजितानं उघड्या दारातून ढोलीकडे पाहिलं, मग वहीकडे. चौसष्ट लाभ. पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट. एकशे सव्वीसपर्यंत. एकशे सत्तावीस ढोलीतली मूठ.

"पासष्ट!" ती ओरडली. "पहिलं यंत्र पासष्ट!"

धर्मेंद्रनं कपाळाला हात लावला. "काकू, लाभ मोजणीत धरतात. हे पत्ते कोणालेच देत नाहीत. दोन गोष्टी वेगळ्या हायत."

"धर नाही तर नोको धरू. एक म्हणू नोको म्हंजे झालं."

त्या दिवसापासून एकही चूक झाली नाही. तीन आठवडे रंजिता बसमध्ये, भांडी घासताना, आंघोळीला पाणी तापत असताना तोंडातल्या तोंडात मोजत राहिली. सोळा लाभ, सतरा, अठरा. बत्तीस लाभ, तेहेतीस. शेवटच्या दोन सराव परीक्षांत नव्वद टक्क्यांच्या वर गुण पडले. धर्मेंद्रनं हरकत घ्यायचं सोडून दिलं.

गुरुवारी पावणेअकराला परीक्षा सुरू झाली. त्याआधी खोलीच्या चारही बाजूंचे फोटो पाठवून झाले होते, ते मंजूरही झाले होते. सगळं सुरळीत चाललं होतं. एकतिसावा प्रश्न तिच्या हक्काचा निघाला : अठ्ठेचाळीसपासून सुरू होणारा सोळा पत्त्यांचा भाग, त्यातलं पाचवं यंत्र कोणतं? रंजितानं बोटं धरली आणि मोजलं. त्रेपन्न. टिचकी मारली. पुढचा प्रश्न यायच्या आत पडद्याच्या कोपऱ्यात निरीक्षकाची खिडकी उघडली. मजकूर इंग्रजीत होता.

कृपया बोलू नका, त्यानं लिहिलं होतं. आपण कोणाशी बोलत आहात?

आपण बोलत होतो हे रंजिताला तेव्हा कळलं. तिनं लिहिलं, कोणाशीच नाही.

मी एक शब्द पाच वेळा ऐकला आहे. लाभ कोण?

तिला क्षणभर हसू आलं आणि ते कॅमेऱ्यात दिसलं असणार. तिनं घाईघाईनं लिहिलं : लाभ इज फर्स्ट.

म्हणजे आणखीही कोणी आहेत?

नो सर. लाभ इज वन.

त्या एकाला खोलीबाहेर जायला सांगा.

लाभ माणूस नाही, असं तिनं लिहिलं. तो मोजायचा शब्द आहे. आम्ही धान मोजताना म्हणतो. प्रत्येक ओळ लिहिताना बाजूचं घड्याळ चालूच होतं. निरीक्षकानं धानाची गोष्ट वाचली की नाही ते कळलं नाही. त्यानं लॅपटॉप उचलून खोली दाखवायला सांगितली. तिनं दाखवली. दार, कडी, खिडकी, पंखा, भिंत, ढोली.

थांबा. ते काय आहे?

धान्याची कणगी, असं तिला इंग्रजीत चटकन लिहिता येईना. तिनं लिहिलं, राइस बॉक्स.

त्यात माणूस मावेल का?

रंजिता खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. पण लहानपणी ती स्वतः त्यात लपली होती, आणि प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची तिला सवय होती. तिनं लिहिलं, मावेल, पण आत धान आहे.

उघडून दाखवा.

ढोलीचं झाकण जड, त्यावर बियाण्याची दोन पोती. एका हातात लॅपटॉप धरून ते निघणं शक्य नव्हतं. तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला, त्याचं तोंड ढोलीकडे केलं, पोती उतरवली आणि झाकण सरकवलं. पोती बाजूला नेऊन ठेवताना ती कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेली. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही. नियमाप्रमाणे एक क्षणही बाहेर जायचं नसतं. ओंजळभर धान घेऊन ती कॅमेऱ्यासमोर आली तेव्हा पडद्यावर राखाडी चौकट होती.

दुपारी धर्मेंद्र क्लास बंद करून मोटरसायकलवर आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मी म्हणलो होतो," तो म्हणाला.

"तू हे नव्हतं म्हणलं. तू म्हणला होता लाभ मोजणीत धरतात."

"मनात म्हणाचं होतं ना!"

"मनातच म्हणत होतो मी. तोंड आपोआप चालते त्याले मी का करू?"

परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर दाद मागायची सोय होती. चोवीस तासांत, इंग्रजीत, पाचशे अक्षरांत. दोघं लॅपटॉपसमोर बसले. लाभ या शब्दाला इंग्रजी काय लिहायचं तिथंच गाडी अडली. प्रॉफिट लिहिलं की वाक्य व्हायचं : मी परीक्षेत नफा नफा म्हणत होते.

"हे तर पेपर विकल्यासारखं वाटून राहिलं," रंजिता म्हणाली.

"लक लिही."

"नशीब नशीब म्हणत होतो? म्हंजे अंदाजानं सोडवला पेपर?"

"त्यायले सांगा ना," दुर्गाबाई मागून म्हणाली, "का मापातला एक हाय तो."

"तेच सांगतलं, माय! एक हाय म्हणलो, तर म्हणते त्याले बाहेर काढ."

"मंग दोन म्हणाचं होतं."

धर्मेंद्र उठून अंगणात गेला आणि जांभळीखाली उभा राहून परत आला. त्याला एक युक्ती सुचली होती. दुर्गाबाईनं धान मोजायचं, मोठ्यानं लाभ, दोन, तीन म्हणायचं, आणि त्याचा व्हिडिओ जोडायचा. दुर्गाबाईनं लुगडं बदललं. पहिल्या वेळी ती कॅमेरा पाहून गप्प झाली, दुसऱ्या वेळी खरोखरीचं मोजत असल्यासारखी सतरापर्यंत गेली, तिसऱ्या वेळी जमलं. अर्जाच्या पानावर व्हिडिओ चढेना. फक्त फोटो चालत होता, तोही एकच. रंजितानं पायली हातात घेतलेल्या आईचा फोटो जोडला, खाली पाचशेपैकी चारशे ब्याण्णव अक्षरांत सगळं लिहिलं आणि सहा वाजून बारा मिनिटांनी अर्ज पाठवला.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. आपला अर्ज मिळाला आहे. छायाचित्रातील व्यक्तीचं पूर्ण नाव, आपल्याशी नातं आणि परीक्षेच्या वेळी ती कुठं होती ते कळवा.

रंजितानं ते दोनदा वाचलं आणि लॅपटॉप आपटून बंद केला.

"का म्हणून राहिले?" दुर्गाबाईनं विचारलं.

"आता तूच लाभ झाली, माय."

"मी? मी तं ओसरीवर होतो. शकुनबाईले विचारा म्हणा."

"शकुनबाईचं नाव घेऊ नोको! तिचाबी फोटो मागतील."

धर्मेंद्रला फोन लावून तिनं उत्तर लिहिलं : दुर्गाबाई, आई, घराबाहेर, दार आतून बंद. यावेळी एकही जास्तीचा शब्द घातला नाही. मग नागपूरला, नोकरीच्या कंपनीत फोन केला. तिथल्या मॅडमनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही पास झालात की नापास?"

"दोन्ही नाही, मॅडम."

"आमच्या फॉर्ममध्ये दोनच रकाने आहेत."

"तपासणी चालू आहे, मॅडम. निकाल आला की लगेच पाठवते."

"वरिष्ठांना विचारते," मॅडम म्हणाल्या. तासाभरानं त्यांचा मेल आला. मुदत सोमवारी दुपारी बारापर्यंत वाढवली होती. त्यानंतर वाढणार नव्हती.

शनिवार-रविवार परीक्षावाल्यांचं कार्यालय बंद होतं. तरी रंजितानं अर्जाचं पान मिटलं नाही. रविवारी धर्मेंद्र येऊन गेला, सरावाचे साठ प्रश्न देऊन गेला. पुन्हा बसावं लागलं तर हात सुटायला नको म्हणून. तोंडात रुमाल धरून तिनं ते सोडवले. भाग पाडायचे नऊ प्रश्न होते, त्यातले चार चुकले, सगळे एकानं.

सोमवारी सकाळी साडेदहाला तिनं पान उघडलं तेव्हा केस नंबरसमोर ‘तपासणीत’ असं होतं. अकरा वाजून पाच मिनिटांनी, नागपूरच्या मुदतीला पंचावन्न मिनिटं असताना, तिथला शब्द बदलला. आता तिथं लिहिलं आहे : वरिष्ठ निरीक्षकाकडे वर्ग.