वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर

“गेला बघा परत,” पूर्णिमा म्हणाली.

कंपनीचं चिन्ह आलं, खाली टिपके गोल फिरायला लागले आणि पडदा काळा झाला. मग पुन्हा पहिल्यापासून. चिन्ह, टिपके, काळं. सकाळी दहापासून मी हेच बघत होतो. तीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, त्यामुळे कॉम्प्युटरवर मी चिडत नाही. माणसांवर चिडतो.

पुण्याजवळ मांजरी गावाच्या रस्त्याला सर्जेरावाचा वजनकाटा आहे. जमिनीत बसवलेल्या लोखंडी फळीवर गाडी उभी करायची, शेजारच्या खोलीत पूर्णिमा बसते, तिच्या कॉम्प्युटरवर वजन येतं, पावती निघते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काटा उघडला आणि कॉम्प्युटर असा अडून बसला. बाहेर खडीचे ट्रक, भंगाराचे टेम्पो, गुऱ्हाळाला निघालेले उसाचे ट्रॅक्टर अशी रांग लागलेली. भवानी पेठेतून मी स्कूटरवर पोहोचलो तेव्हा रांगेतले सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच तो बंद पाडून घरी नाश्त्याला गेलो होतो.

“या शमशुभाई, सोनं घ्या,” सर्जेरावानं आपट्याचं पान हातावर ठेवलं. माणूस तसा वाईट नाही. ईदला शीरखुर्मा हक्कानं मागून नेतो. पण पान देऊन झाल्यावर पूर्णिमाच्या देखतच म्हणाला, “आता साफ सांगतो. हिनं मोबाइल लावला असंल ह्याला, न्हाईतर चहा सांडला असंल. तुमी उघडा, आन् काय हाय ते सांगा. तुमी म्हनाल ते खरं. हिची चूक निघाली तर आजपासून घरी. माझा भाचा बसलाच हाय रिकामा, कोर्स करून.”

भाच्याचं नाव शुभंकर. त्याचा कोर्स गेल्या वर्षीच झालाय. मामा निमित्त शोधत होता एवढं मला कळत होतं, आणि तिलाही.

सर्जेराव रांगेतल्या लोकांची समजूत घालायला बाहेर गेला तशी ती हळूच म्हणाली, “चाचा, मी काईच नाही केलं हो. परवा खंडेनवमीच्या पूजेला नीट बंद करून गेले, काल दसऱ्याची सुट्टी. आज आले तर सारखं असंच व्हायलंय. तेवढं त्यांना सांगा.”

“आधी बघू तर दे,” मी म्हणालो. माझं बोलणं जरा तुटकच आहे. सकीना, म्हणजे माझी बायको, म्हणते की मी पेशंटला भेटायला गेलो तर तो घाबरून आधीच डोळे मिटेल.

पूर्णिमा मूळची जिंतूरकडची. नवरा वैजनाथ इथल्या कारखान्यात होता. प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि कारखान्यानं त्याला हार घालून घरी पाठवलं. तेव्हापासून घर चालतं ते हिच्या खुर्चीवर. चार वर्षं मी तिला त्या खुर्चीत बघतोय. माझ्यासाठी चहा मागवते आणि मी काम करताना मधे मधे बोलत नाही. माझ्या गिऱ्हाइकांत असा दुसरा माणूस नाही.

मी डबा उघडला. चहाचा डाग नव्हता. पाण्याचा नव्हता. मुंगीसुद्धा नव्हती. रॅम काढली, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं खोडरबर घासलं, परत बसवली. पुन्हा काळं. माझ्याकडचा दुसरा पॉवर सप्लाय लावला. काळं. हार्ड डिस्कची वायर काढून पेन ड्राइव्हवरून चालू करून बघितला, म्हणजे आतली सिस्टिम बिघडलीय की काय ते कळतं. तरी काळं. बाहेर हॉर्न वाजायला लागले. महिपती म्हणून एक ट्रॅक्टरवाला खिडकीत डोकं घालून म्हणाला, “मेकॅनिक, आज व्हनार का ऊस वाळल्यावर?”

“वाळला तर वजन कमी भरेल. तुमचंच नुकसान,” मी म्हणालो. तो गेला.

शेवटी एकच जागा उरली. पुढच्या बटणांपासून मदरबोर्डाकडे चार बारीक वायरी येतात. त्या मी उपटल्या आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक सुयांना टेकवून, बटणाशिवायच मशीन चालू केलं. चिन्ह आलं. टिपके फिरले. निळा पडदा आला, मागोमाग काट्याचा प्रोग्रॅम उघडला आणि तिथंच थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ठणठणीत.

पूर्णिमानं हात जोडले. कोणाला ते तिलाच ठाऊक.

मशीन बंद करून मी डब्याचा पुढचा मुखवटा काढला आणि उलटा करून बघितला. चालू करायच्या बटणाच्या खाली रीसेटचं छोटं गोल बटण असतं. ते आतच रुतून बसलं होतं. पंख्याच्या थरथरीनं मधे मधे पूर्ण टेकायचं आणि मशीनला वाटायचं, कोणीतरी पुन्हा सुरू करायला सांगतंय. कशानं रुतलं होतं, तर कुंकवानं. ओलं हळदकुंकू, त्यावर गंध, वाळून दगड झालेलं. एका वर्षाचं नव्हतं, चार दसऱ्यांचे थर होते. दर वर्षी सर्जेराव स्वतः बोट बुडवून प्रत्येक यंत्राला कुंकू लावतो. कॉम्प्युटरला कपाळ कुठे शोधायचं, म्हणून ते गोल बटण.

पूर्णिमानं माझ्या खांद्यावरून ते बघितलं. लाल रंग बघितला आणि तिला सगळं कळलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

आता यात काय अवघड होतं? साहेब, बटणात पूजेचं कुंकू गेलं, पुढच्या वर्षी वरच्या पत्र्याला लावा. संपलं. दुसरा कोणी मेकॅनिक असता तर हसत सांगून मोकळा झाला असता आणि सर्जेरावही हसला असता. पण सांगणार होता शमशुद्दीन. दोन वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयात मी असंच सांगितलं होतं, की उदबत्तीच्या राखेनं पंखा चोंदतो, उदबत्ती जरा लांब लावा. मालकानं माझ्या कार्डावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग ‘बरं’ म्हणाला. त्या दिवसापासून तिथून बोलावणं नाही. कोणी भांडलं नाही, कोणी कारण दिलं नाही. पुण्यात कारण देत नाहीत, नुसते फोन उचलत नाहीत. आणि इथे बाहेर वीसबावीस माणसं उन्हात तापलेली, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. ‘पूजेमुळे बंद पडलं म्हणतोय’ एवढं एक वाक्य त्यांच्यात गेलं असतं, तर मी घरी कसा पोहोचलो असतो कोण जाणे. कदाचित काहीच झालं नसतं. पण ‘कदाचित’वर स्कूटर बाहेर काढायची हिंमत आता माझ्यात नाही.

मी फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि बटण पुसलं. हात सवयीनं चालला असं मला म्हणता येईल. पण तसं काही नाही. मी मुद्दाम पुसलं, कोपरे टोकरून पुसलं, आणि लाल झालेलं फडकं पिशवीत टाकलं.

सर्जेराव आत आला. “घावलं?”

“घावलं. रीसेटचं बटण झिजलं होतं. आत अडकत होतं. साफ केलंय.” मला वाटलं मी मोठी हुशारी केली. पूजेचं नाव नाही, पोरीचं नाव नाही. झीज कोणाचीच नसते.

“झिजलं?” सर्जेराव म्हणाला. “बटण आपोआप कसं झिजंल? दाबून दाबूनच झिजनार की. आन् हितं बसतं कोन दिवसभर?” तो तिच्याकडे वळला. “जरा अडकलं की दाब बटण, जरा अडकलं की दाब बटण. म्हनलं नव्हतं मी?”

आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

“मी त्या बटणाला कधी हातच नाही लावला, साहेब,” पूर्णिमा म्हणाली. एवढं बोलून ती थांबली. पुढचं तिलाही बोलता येत होतं. पण मालकानं स्वतःच्या बोटानं लावलेल्या कुंकवाला नोकर बाई काय म्हणणार. तिनं माझ्याकडे बघितलं. आता बोला, असं ते बघणं होतं. मी बापाच्या वयाचा माणूस.

“साहेब, ते पूजेचं...” मी म्हणालो.

“पूजेचं काय?” सर्जेरावाचा आवाज बदलला नव्हता. नुसतं विचारलं त्यानं. पण खिडकीत महिपती आणि आणखी दोघं येऊन उभे होते, ते आत डोकावायला लागले.

“पूजेच्या आधीपासूनच झिजलेलं होतं,” मी म्हणालो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरही नव्हता. होता तो फक्त एक भित्रा मेकॅनिक, आणि तो मी.

“मंग झालं तर,” सर्जेराव म्हणाला. “शमशुभाई खोटं बोलायचे न्हाईत.” ही एवढी एक गोष्ट तो बोलला नसता तर मला जरा बरं वाटलं असतं. मग म्हणाला, “आता चालू झालंच हाय तर हिचं नाव काढून शुभंकरचं टाका त्यात. तो येईल संध्याकाळी. तंवर, बाई, तूच बस. लोकं खोळंबल्यात.” आणि तो रांग सोडायला बाहेर गेला.

काटा चालवणाऱ्याचं नाव त्या प्रोग्रॅममध्ये भरलेलं असतं, प्रत्येक पावतीच्या तळाशी छापून येतं. ते बदलायला जुन्या माणसाचा पासवर्ड लागतो.

“पासवर्ड सांग, बेटा,” मी म्हणालो.

“राहू द्या, मी टाकते.” तिनं मला बाजूला केलं, आठ अक्षरं दाबली, स्वतःचं नाव खोडलं आणि शुभंकरचं लिहिलं. नक्की बदलायचं का, असं मशीननं विचारलं. तिनं हो दाबलं. मला वाटलं, अजूनही पडदा काळा होईल. मनापासून सांगतो, तेवढीच इच्छा उरली होती. पण मी काम चोख केलं होतं. मशीन जागचं हललं नाही.

“तुला माहीत होतं ना,” मी म्हणालो.

“तुम्हालाबी माहीत होतं,” ती म्हणाली. चाचा म्हणाली नाही.

मी पिशवी भरली, पण पाय निघत नव्हता. दारातच उभा राहिलो. पहिला महिपतीचा ट्रॅक्टर काट्यावर चढला. पूर्णिमानं खिडकीची काच सरकवली.

“दादा, खाली उतरा. तुम्ही वर बसलात तर वजन चुकीचं येतं.”

“आता तुला काय पडलंय, बाई? तुझी नोकरी तर गेली,” महिपती म्हणाला.

“उतरा म्हणते ना.”

तो पुटपुटत उतरला. आकडा हलायचा पूर्ण थांबेपर्यंत ती पडद्याकडे बघत राहिली. मग पावती काढली, वरपासून खालपर्यंत वाचली, तळाशी शुभंकर होतं तेही वाचलं, आणि वजन एकदा मोठ्यानं सांगून ती महिपतीच्या हातात दिली.