बंद झालेली खिडकी

इस्पितळातल्या पैसे भरायच्या खिडकीत कॅशियरबाईंची उभी हयात गेली. माणूस दारात विव्हळत असला, तरी त्यांना आधी विचारावं लागे, "अनामत भरली का?" त्या प्रश्नाचा बाईंना मनस्वी तिटकारा होता.

त्यांची लेक युरोपात जाऊन तिथला आरोग्यविमा शिकून आली. तिकडे धडधाकट असतानाच ज्यानं त्यानं कमाईप्रमाणे वर्गणी भरायची आणि आजारी पडलं की थेट डॉक्टर गाठायचा. परतल्यावर तिने सरकारी समितीपुढे वर्षानुवर्षं डोकेफोड केली, तेव्हा कुठे आजपासून ती पद्धत इथे सुरू झाली. सुतार खिडकीवर फळी ठोकत होता आणि बाई बाहेर उभ्या राहून, जणू आपला पुतळाच उभारला जातोय, अशा बघत होत्या.

"बाई, लेकीनं तुमच्याच पोटावर पाय दिला की," दारवान म्हणाला.

"देईना का. पोटात होती तेव्हाही लाथाच मारायची."

तेवढ्यात तापाने फणफणलेल्या बायकोला धरून एक हमाल आला आणि सवयीने खिडकीशी थांबून खिसे चाचपू लागला.

"इथे नाही, समोर डॉक्टरांकडे जा," बाई म्हणाल्या.

"आणि पैसे?"

बाईंची मान ताठ झाली. "पैशाचं बघितलंय माझ्या लेकीनं."