लिस्बेटला बोट लागते

लिस्बेटला बोट लागते हे आम्हा दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं. आमच्या गावाच्या, स्वेनबोर्गच्या, आसपासच्या बेटांमध्ये फिरायला गेलो, की तासाभरात तिचा चेहरा हिरवापिवळा व्हायचा. मला वाटायचं, होईल सवय. मी सुतार माणूस. नऊ वर्षं खपून शिडाच्या बोटीचं आतलं सगळं काम मी स्वतः केलं, ओटासुद्धा तिच्या उंचीला बेतून. त्या नादात तिच्या पोटाचा विचार राहूनच गेला, आणि तिनंही कधी विषय काढला नाही. साठी उलटल्यावर तिनं केस कापायचं दुकान मैत्रिणीच्या हवाली केलं, आम्ही घर विकलं आणि मे महिन्यात निघालो.

हॉलंड, मग ब्रिटनीचा फ्रेंच किनारा. गोळ्या घेऊन तिनं दिवस काढले. पण बिस्केच्या उपसागरात चार दिवस ती बादली घेऊन खालीच पडून होती. आ कोरुन्या या स्पॅनिश बंदराच्या धक्क्याला बोट लागली तशी ती पिशवी घेऊन उतरली आणि दगडावर बसली.

“प्रेबेन, मी आता समुद्रात येणार नाही.”

“म्हणजे? परत जायचं?”

“कुठं परत? घर विकलंय आपण. तू ये बोट घेऊन. मी बसनं येते.”

“बसनं?”

“किनाऱ्यानं रस्ता आहे की. इथली माणसं जातात, तशी मी जाईन.”

मला हसू आलं. तिला नाही आलं.

पण जमलं! सकाळी मी शिडं उभारायचो, ती थांब्यावर जायची. संध्याकाळी पुढच्या बंदरात शिरलो, की ती धक्क्यावर उभी असायची. दोर झेलायला ती एकदम पटाईत झाली. कात्री तिच्या पिशवीत असायचीच. मी पोचेपर्यंत दोनतीन कोळ्यांचे केस कापून व्हायचे, बदल्यात मासळी मिळायची आणि गावातल्या भानगडीही कळायच्या. तिची स्पॅनिश भाषा मोडकीतोडकी, पण तोंड थांबत नसे. मी मात्र दिवसभर एकटा. कामारिन्यासच्या बंदरात एकानं मला ‘लिस्बेटचा नवरा’ अशी हाक मारली, तेव्हा मला जरा लागलंच. मनात आलं, बाईसाहेबांची मजा चालली आहे, मी आपला ओझी वाहतोय.

कामारिन्यासहून मुरोसला जायचं म्हणजे फिनिस्तेरेचं टोक ओलांडायचं. मी पहाटेच निघालो. वारा चांगला होता. साडेचारला मुरोसच्या धक्क्याजवळ आलो, तर लिस्बेट नव्हती.

वारा बोटीला धक्क्यापासून लांब लोटत होता. माझा दोर दोनदा पाण्यात पडला. शेवटी जाळी सांधत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तो पकडला आणि विचारलं, “बायको कुठंय?”

तेच तर मला कळत नव्हतं. तिचा फोन बंद. थांब्यावर गेलो. बस आली, दोन शाळकरी मुली उतरल्या, बस गेली. पुढच्या बसमधून कुणीच उतरलं नाही. ती शेवटची होती. मी बाकावर बसून राहिलो. ऊन अजून लख्ख होतं, लोक आइस्क्रीम खात फिरत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर एकेक भलतंसलतं येत होतं. रस्त्यात पडली असेल. दवाखान्यात असेल. तिथं तिचं नाव कोण सांगणार? पोलिसांकडे जावं म्हणून उठलो, आणि कोपऱ्यावरून एका मासेवालीची पांढरी गाडी वळली. पुढच्या सीटवर लिस्बेट!

ती उतरली, तिच्या अंगाला बांगडा माशांचा वास येत होता. मी ओरडलो, “कुठं होतीस?”

“फिनिस्तेरेच्या टोकावर. म्हटलं, तू जाताना दिसशील. तासभर हात हलवला तुला. तू बघितलंसच नाहीस.”

“किती वाजता?”

“अकराला.”

“अगं, अकराला मी टोकापाशी पोचलोसुद्धा नव्हतो. दुसराच कुणीतरी असेल तो.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “म्हणजे तासभर मी परक्या माणसाला हात दाखवत होते?” मग दोघंही बाकावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. बस चुकली, फोन मेला, मग ही बाई भेटली, असं सगळं तिनं सांगितलं.

हसणं ओसरल्यावर मी म्हणालो, “मला वाटलं, तुला काहीतरी झालं. जीव नुसता टांगणीला लागला होता.”

“हो ना? मला रोज वाटतं.”

“रोज? तू तर केस कापत असतेस.”

“हाताला काहीतरी काम नको? नाहीतर त्या धक्क्यावर वेड लागेल मला.”

मी म्हणालो, “बोट विकून टाकू. इथंच खोली घेऊ कुठंतरी.”

“गप रे. नऊ वर्षं उगाच घालवलीस का?” ती म्हणाली. “त्या मासेवालीला गाडी लागते म्हणे. पण दुसरं कुणी चालवत असेल तरच. स्वतः चालवली की काही होत नाही. उद्या सकाळी खाडीतच फिरू, बाहेर नको. आणि सुकाणू माझ्या हातात.”

अडतीस वर्षांच्या संसारात मी तिला सुकाणू दिलंच नव्हतं. ‘माझ्या हातात दे,’ असं तिनं दोनदा म्हटलेलं मला आठवतं. दोन्ही वेळा ‘आज वारा जास्त आहे,’ असं म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता निघालो. सुरुवातीला ती सुकाणू असं आवळून धरत होती, की बोट सापासारखी वळवळायला लागली. माझे हात शिवशिवत होते, म्हणून मी ते मांडीखाली घेऊन बसलो. हळूहळू तिची पकड सैल झाली. ती डोंगराकडे बघायची, शिडाकडे बघायची. तासाभरानं म्हणाली, “भूक लागली.”

बोटीवर तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मी खाली जाऊन पाव आणि चीज आणलं. एका हातात सुकाणू धरून तिनं ते सगळं संपवलं.

समोर कालवं वाढवायचे तराफे आले. एका तराफ्यावरचा माणूस कमरेवर हात ठेवून ओरडला, “बाई, इकडं कुठं? कालवं चोरायला?”

“आज नको, पोट भरलंय!” लिस्बेट ओरडली, आणि मग हळूच मला म्हणाली, “आता डावीकडे की उजवीकडे?”

मी तोंड उघडलं होतं. मिटलं. म्हणालो, “तूच बघ.”

तिनं वर शिडाकडे पाहिलं, ओठ चावला आणि बोट डावीकडे वळवली. मी वळवली असती उजवीकडे. डावीकडेही पाणी भरपूर होतं.