कावळा बसेल असा दाखवा

माझ्या सासूचा, दमयंतीचा, सगळा जन्म दिवाळे गावच्या खाडीकाठी सुकत घातलेल्या मासळीवरून पाखरं हाकलण्यात गेला. कावळा असो, घार असो, बगळा असो, कुणाची गय नाही. अशा बाईच्या परसात मी पाखरांना बोलावून दाणे घालायला निघाले होते. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

पण माझा जीव टांगणीला लागला होता. आयच्या, म्हणजे सासूच्या, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला, तरी ती मागच्या दारातली खुर्ची सोडत नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आत्ता चालल्या नाहीत तर गुडघा आखडेल, मग कायमच्या बसून राहतील." मी गोड बोलले, चिडले, रडलेसुद्धा. तिचं एकच, "दुखतं गो, उद्या चालीन." निदान पाखरं बघून मन तरी रमेल, म्हणून मी वाशीहून लाकडी घरासारखा एक बर्ड फीडर आणला आणि तिच्यासमोरच टांगला.

पहिली चिमणी आली. आयने बसल्या जागी काठी उगारली. "हाड!"

"आय, पाहुणी हाय ती!"

"पाहुनी त पाहुनी. हाताला सवय हाय."

आठ दिवस हाच तमाशा. शेवटी माझं डोकं फिरलं. फीडर काढला आणि काठी पोचणार नाही अशा टोकाच्या भिंतीवर नेऊन ठेवला. संध्याकाळी त्याच्या छपरावर एक दांडगा कावळा येऊन बसला. आय खुर्चीतून ओरडली. तो ढिम्म. तिने टाळ्या वाजवल्या. तो चोचीने दाणे उधळतच राहिला. मग आय उठली. काठी टेकत, शिव्या देत, चांगली बारा पावलं चालत गेली आणि त्याला उडवूनच थांबली. पीठ लागलेले हात तसेच धरून मी दारात उभी. हसू की रडू, कळेना.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा वाशीचं दुकान गाठलं.

"हा नळीवाला घ्या मॅडम. कावळा बसूच शकत नाय, गॅरंटी."

"मला कावळा बसेल असाच दाखवा."

दुकानदाराने मला एकदा नीट न्याहाळलं. नळीचा नको, छपराचा नको, असं करत मी परातीएवढा उघडा ट्रे निवडला.

रोज सकाळी मी गुपचूप त्यात सुक्या बोंबलांची डोकी टाकायची. दर आठवड्याला ट्रे जरा लांब न्यायची: आधी भिंत, मग शेवग्याचं झाड, मग पालथ्या घातलेल्या जुन्या होडीची पाठ. आय बारा पावलांवरून साठ पावलांवर आली. पण चालताना तिचं तोंड वेदनेने वाकडं झालं, की ट्रे परत जवळ आणावासा वाटायचा. त्यात नवरा म्हणायचा, "माझ्या आयला फसवतेस." खरंच होतं ते, आणि टोचायचंही.

परवा मला ताप भरला, ट्रे भरायचा राहिला. उशिरा उठून दारात आले तर खुर्ची रिकामी. आय होडीपाशी उभी होती. पदरातून बोंबील काढून एकेक ट्रेमध्ये ठेवत होती. कावळा शेजारीच बसून बघत होता.

"आय, हे काय?"

"तुला काय वाटला, मना कलत नाय?" आय हसली. "आज तू निजलीस, योगिनी. हा उपाशी गेला आन् उद्या आला नाय, त मी कोनाचे मागं चालू?"