राखून ठेवलेलं नाव

मीरासाब फुलारी याचं दुकान कोल्हापुरात बाबूजमाल दर्ग्याच्या कमानीपासून चार पावलांवर होतं. दुकान म्हणजे एक बाकडं, वर पत्रा आणि ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या टोपल्या. लग्नाचे सेहरे, दर्ग्यावरच्या चादरी, गणपतीचे हार आणि मयताच्या माळा तो एकाच सुईनं ओवायचा. सुई कुठल्या कामाची, असं त्यानं कधी वेगळं ठेवलं नाही.

गल्लीत कुणाला मुलगी झाली की बायका त्याला नाव विचारत. फुलाचं नाव ठेवायचं तर फुलांतल्या माणसाला विचारावं, असा त्यांचा साधा विचार. मीरासाब स्वभावानं लाजरा. मान वर न करता, दोरा ओढता ओढता सांगायचा. शेवंता ठेवा, चार दिवस टिकते. अबोली ठेवा, वास नसला तरी रंग उतरत नाही. प्राजक्ताला मात्र तो नको म्हणायचा. उन्हं वर आली की मलूल पडणाऱ्या फुलाचं नाव लेकराला कशाला, असं त्याचं म्हणणं. शेजारच्या गौराबाईनं त्याचं ऐकून नातीचं नाव शेवंता ठेवलं होतं. ती पोर दिवसभर गल्ली डोक्यावर घ्यायची. गौराबाई दुकानावरून जाताना म्हणायची, "मीरासाब, तुमचं फूल लई टिकाऊ निघालं की. एखादा दिस तरी कोमेजू दे म्हणावं."

त्याच्या स्वतःच्या घरात मात्र त्याला कुणी नाव विचारलं नाही. ते सुनेनं आधीच ठरवून टाकलं होतं.

सून सलमा मुरगूडची. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण सासरा आणि सून एकमेकांशी कधी बोलले नव्हते. त्या घरात तशी रीतच होती. तो आत आला की ती पदर ओढून पडद्याआड जायची. चहा त्याच्या बायकोच्या, अमीरबीच्या हातून यायचा आणि निरोपही अमीरबीच्या तोंडून यायचे. सलमाला दिवस गेले, आणि सहाव्या महिन्यात असाच एक निरोप आला. अमीरबी म्हणाली, "पोरगी झाली तर यास्मिन ठेवायचं म्हणती."

यास्मिन म्हणजे काय, हे मीरासाबला ठाऊक नव्हतं. तुमची जाईच की, असं अमीरबीनं सांगितलं तेव्हा तो मनात फार सुखावला. या पोरीनं आपल्याच टोपलीतलं फूल उचललं, असं त्याला वाटलं. तेवढं तिला कळवावं असंही वाटलं. पण कसं कळवायचं हे सुचेना, आणि ते तसंच राहिलं.

चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात, जोतिबाच्या यात्रेच्या तोंडावर, सलमाला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. नवरा चमन कबनूरला यंत्रमागावर कामाला होता. तो मालकाबरोबर कापडाचे तागे घेऊन मुंबईला गेला होता आणि तिसऱ्या दिवसापर्यंत परतणार नव्हता. अमीरबीनं तिला दवाखान्यात नेलं. पहाटे साडेपाचला मुलगी झाली. मूठभर जीव. डॉक्टरीणबाईंनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलं आणि पोर आईच्या कुशीत दिली. अमीरबीला बाहेर बसवलं होतं. साडेआठला पोर गेली.

मीरासाब तेव्हा दुकानात दवण्याच्या जुड्या बांधत होता. निरोप गौराबाईनं आणला. तो दवाखान्यात पोचला तोवर पोर फडक्यात गुंडाळलेली होती. सलमाला रक्तस्राव झाल्यामुळे वरच्या मजल्यावर ठेवून घेतलं होतं. अमीरबी आणि तो ते गाठोडं घेऊन रिक्षानं घरी आले. जिवंत असताना त्यानं नातीला पाहिलंच नव्हतं.

मौलवीसाहेब घरी आले. म्हाताऱ्या, मऊ आवाजाच्या त्या माणसानं विचारलं की पोर रडली होती का, श्वास घेतला होता का. घेतला होता म्हटल्यावर ते म्हणाले, "मग गुसल, कफन, जनाजा सगळं रीतसर व्हायला हवं. आणि नाव ठेवायला हवं. कयामतच्या दिवशी प्रत्येकाचा नावानं पुकारा होणार, मीरासाब. बिननावाचं पाठवू नका. दुपारच्या नमाजनंतर नेऊ, तोवर मला सांगा."

नाव तर ठरलेलंच होतं. मीरासाब ते सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात अमीरबीनं त्याला आत बोलावलं. ती गुसलच्या आंघोळीचं पाणी कोमट करत होती.

"यास्मिन सांगू नका," ती म्हणाली.

त्याला वाटलं, दुःखानं काहीतरीच बोलते आहे. पण ती अगदी शांत होती. तिची स्वतःची पहिली मुलगी दीड महिन्याची होऊन गेली होती. तिला अमीरबीनं आपल्या आवडीचं नाव दिलं होतं, गुलशन. पुढं दोन मुली झाल्या, नांदायलाही गेल्या, पण गेलेल्या लेकराचं नाव जित्या लेकराला ठेवत नाहीत, म्हणून ते नाव पुन्हा घरात कुणी घेतलं नाही.

"एकदा मातीत घातलं की नाव परत निघत न्हाय," ती म्हणाली. "सलमा एकोणीस वर्साची हाय. तिला आणि लेकरं हुतील. तिचं आवडीचं नाव तिच्यासाठी राखून ठेवा. हिला दुसरं कायबी द्या."

"तिला विचारावं का?"

"कोण विचारणार? तुम्ही?"

तरीही तो दवाखान्याकडे गेला. घड्याळात अकरा वाजले होते. बायकांचा वॉर्ड वर होता. तो जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी उभा राहिला. वर जायचं, पदर ओढून पडलेल्या त्या पोरीच्या खाटेजवळ उभं राहायचं, आणि दोन वर्षांत बोललेला पहिला शब्द हा असायचा, की तुझ्या मेलेल्या लेकीला कुठलं नाव देऊ. फरशी पुसणाऱ्या बाईनं विचारलं, "काय पायजे, पावणं?" तो म्हणाला, "काय न्हाय." आणि मागे फिरला.

परतीच्या वाटेवर तो नाव शोधू लागला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींसाठी ज्या टोपलीत हात घातला, तिच्यातच त्यानं हात घातला. मोगरा नवरीचा. गुलाब कबरीवर रोज पडतो, किलोनं विकला जातो. प्राजक्त मनात आला आणि तो घाबरला. तीन तासांचं आयुष्य, नाव अगदी चपखल बसत होतं. त्यानं ते झटकून टाकलं. मग त्याला नर्गिस आठवलं. हे फूल त्यानं कधी ओवलं नव्हतं, पाहिलंही नव्हतं. कोल्हापुरात ते येत नाही. न पाहिलेल्या नातीला न पाहिलेलं फूल, असं त्याच्या मनात आलं. जे कुणाच्या हातात आलं नाही ते कुणाच्या हातात सुकतही नाही. त्याला ते बरोबर वाटलं. त्या घटकेला तर ते सुंदरही वाटलं, आणि पुढं आयुष्यभर त्याला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

नमाजनंतर अकरा माणसांसमोर त्यानं मौलवीसाहेबांना नाव सांगितलं. नर्गिस, चमनची मुलगी. चांगलं आहे, असं ते म्हणाले. कबर हातभर लांब होती. माती लोटायला फार वेळ लागला नाही.

चमन आला, रडला, आणि अब्बा, तुम्ही केलं ते बरंच केलं, असं म्हणून पुन्हा मागावर गेला. नावाचं त्यानं विचारलं नाही. सलमा चौथ्या दिवशी घरी आली.

त्या दुपारी अमीरबी नळावर गेली होती. मीरासाब बाहेरच्या खोलीत दोऱ्याची गुंडी सोडवत बसला होता. पडद्यामागून आवाज आला.

"मामू."

त्यांच्यात सासऱ्याला मामूच म्हणतात, पण ही हाक आपल्याला आहे हे त्याला आधी कळलंच नाही.

"मामू, तिचं नाव काय सांगितलंसा?"

त्याच्या हातातली गुंडी थांबली. "नर्गिस," तो म्हणाला.

मग सलमा म्हणाली, "ही कोण?"

तो दोऱ्यातली गाठ सोडवू लागला.

"मी तीन तास तिला यास्मिन म्हणून हाका मारत हुते," ती म्हणाली. आवाजात रडणं नव्हतं. "डोळं उघडत न्हवती. पण नाव घेतलं की मान हलवायची. नर्सबाईनंबी बघितलं. नाव घ्यायचं थांबले की हलायची न्हाय, म्हणून मी थांबलेच न्हाय."

मीरासाबनं सगळं बळ एकवटून सांगितलं की तिच्या सासूनं तिच्याच भल्यासाठी, पुढच्या लेकरासाठी ते नाव राखून ठेवलं आहे.

"पुढचं कोण, मामू? मला तर ही एकच ठाव हाय."

आणि थोड्या वेळानं, जणू स्वतःशीच, ती म्हणाली, "तिथं नर्गिस म्हणून बोलवतील. तिला कळंल कसं? ते नाव तिनं ऐकलंच न्हाय."

अमीरबीच्या घागरीचा आवाज आला आणि पडदा गप्प झाला. त्या दिवसानंतर सलमा त्याच्याशी आपणहून कधी बोलली नाही.

शुक्रवारी त्यानं मौलवीसाहेबांना गाठलं. दिलेलं नाव बदलता येतं का, असं विचारलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की अल्लाला सगळं ठाऊक असतं, इतक्या बारीक गोष्टींत मन गुंतवू नये. मीरासाबला हो किंवा नाही यांतलं एक हवं होतं. हात तेवढा खांद्यावर राहिला. मग तो कबरस्तानात गेला. तिथला मौला कबरी खणायचा, त्यालाही त्यानं भीत भीत विचारलं. मौला म्हणाला, "नावाचं मला काय इचारता, चाचा? मला लांबी तेवढी सांगत्यात."

मीरासाब त्या हातभर मातीपाशी उभा राहिला. यास्मिन, अशी एकदा हाक मारायची, एवढ्यासाठीच तो आला होता. पण हाक मारली तर ते नाव खर्ची पडणार होतं, अमीरबीनं राखलेलं. न मारली तर पोरीला कळणार नव्हतं. त्यानं दोनदा तोंड उघडलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी त्याला लाज वाटली. ऊन उतरेपर्यंत तो तिथं होता आणि हाक न मारताच परत आला. पुढंही तो कितीदा तरी गेला. दरवेळी तसंच झालं.

गौराबाईला दुसरी नात झाली तेव्हा ती हौसेनं दुकानावर आली. मीरासाब म्हणाला, "मला फुलांतलं काय कळत न्हाय, गौराबाई. तुम्हीच बघा." तिला ते चेष्टेचं वाटलं. ती हसत उभी राहिली, आणि त्यानं मान वर केलीच नाही तेव्हा निघून गेली. हळूहळू बायकांनी विचारणं सोडलं.

सलमाला आधी मुलगा झाला. मग अठ्ठ्याहत्तर साली मुलगी झाली, पुऱ्या दिवसांची, खणखणीत आवाजाची. सातव्या दिवशी अमीरबीनं नवं झबलं घातलं, पोरीला मांडीवर घेतलं आणि चार वर्षं जपलेलं नाव बाहेर काढलं.

खाटेवरून सलमा म्हणाली, "ते नाव दिलेलं हाय."

"कुणाला दिलंय? मातीत तर नर्गिस हाय. मीच राखलं न्हवं का तुझ्यासाठी? इचार तुझ्या मामूला."

दोघीही त्याच्याकडे बघू लागल्या. सलमाचा पदर घसरला होता. तिनं तो ओढला नाही. तिचा चेहरा मीरासाबनं पहिल्यांदाच सरळ पाहिला. अमीरबी म्हातारी झाली होती, आणि मांडीवरच्या पोरीसाठी राखलेलं ते नाव हीच तिनं साठवलेली एकुलती एक गोष्ट होती.

"दिलेलं हाय," मीरासाब म्हणाला.

अमीरबीनं पोरीला खाली ठेवलं. "मग माझंच चुकलं म्हणा की," एवढंच ती म्हणाली आणि चुलीकडे गेली. मुलीचं नाव सलमाच्या आजीवरून हलिमा ठेवलं गेलं. लाडू वाटले.

एवढं म्हटल्यावर तरी काही हलकं होईल, असं त्याला वाटलं होतं. त्यानं सलमाकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून पोरीला पाजत होती. आपण कुणालाच काही दिलं नाही, हे त्याला कळलं. अकरा माणसांसमोर सांगितलेला शब्द या घरातल्या शब्दानं मागे येणार नव्हता. राखलेलं नाव आता कुणाच्याच कामाचं उरलं नव्हतं. आणि कयामतच्या दिवशी, सगळ्यांची नावं पुकारली जातील तेव्हा, कुणीतरी नर्गिस म्हणून हाक मारेल, आणि ती पोर मान न हलवता तशीच पडून राहील, दुसऱ्या कुणाला तरी बोलावत आहेत असं समजून.