आग्नेय कोपरा आणि मी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही पत्र्याची एक मोठी पेटी आहात. तुमच्या पोटात पंखे आहेत, तांब्याच्या नळ्यांची वेटोळी आहेत आणि सतत घुंई घुंई करणारे एक जड यंत्र आहे. तुम्हाला पाय नाहीत, त्यामुळे जिथे ठेवतील तिथेच राहायचे. आता अशी कल्पना करा, की तुम्हाला कुठे ठेवायचे यावरून घरातली माणसे वाद घालत आहेत आणि तुम्ही नेमके कोण आहात हे जो तो वेगळेच सांगतो आहे. गोंधळलात ना? मीही असाच गोंधळलो होतो. खरे सांगायचे तर अजूनही थोडा गोंधळलेलाच आहे.

मी घरातली हवा सांभाळणारा एक जुना हीट पंप आहे. फार जुना नाही, पण पावसा-बर्फात उघड्यावर राहणाऱ्याला म्हातारपण लवकर येते. व्हर्जिनिया राज्यातल्या अ‍ॅशबर्न गावी, एका बैठ्या घराच्या मागे, सिमेंटच्या चौथऱ्यावर माझा मुक्काम आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या कामगारांनी मला पहिल्यांदा सुरू केले तेव्हा माझ्यातून ऊन हवा आली. ते खूश झाले. मग त्यांनी एक खटका फिरवला आणि माझ्यातून गार हवा आली. तरीही ते खूशच. मी मात्र बुचकळ्यात पडलो. मी ऊन आहे की गार? कोणी काही सांगितले नाही. माझ्या अंगावर 'ही बाजू वर' असा कागद चिकटवला आणि मला ट्रकमध्ये चढवले. माझ्याबद्दल मला तेवढेच ठाऊक होते.

तो २००४ सालचा नोव्हेंबर होता. मला घराच्या मागे आणले तेव्हा तिथे माझ्यासारखीच एक पेटी पडली होती. ती माझ्या आधीची. तिच्याखालचा चौथरा एका बाजूने मातीत खचला होता, त्यामुळे ती वर्षानुवर्षे कलती उभी राहिली. तिच्या जाळीत पाने कुजली होती आणि तळ गंजून भोके पडली होती. मी तिला विचारणार होतो, की बाई, आपण ऊन की गार? पण तिला उचलून घेऊन गेले.

घर मोहन आणि शोभना यांचे होते. मोहन पुण्याहून आलेला, कॉम्प्युटरच्या कामावर. त्यांची मुलगी ज्ञानदा आठ वर्षांची. मोहनचे वडील मोरेश्वर, म्हणजे तिचे आजोबा, काही महिन्यांसाठी पुण्याहून आले होते. शोभना मात्र दिवसभर दवाखान्यात असे. ज्ञानदाला भाऊ झाला होता, पण तो वेळेच्या आधी जन्मला आणि फार नाजूक होता. आता त्याचे वजन वाढले होते आणि शुक्रवारी तो घरी यायचा होता. 'घर उबदार हवं, एकसारखं उबदार,' असे नर्सने बजावले होते. जुनी पेटी बंद पडलेली, सगळे घरात स्वेटर घालून वावरत होते. म्हणजे बाळाचे घरी येणे माझ्यावर अवलंबून होते. मला धड माझीच ओळख नव्हती, आणि काम हे असे.

बुधवारी सकाळी वॉल्टर नावाचा उंच माणूस मला बसवायला आला. बरोबर त्याचा जोडीदार होता. वॉल्टरने आधी माझ्यासाठीच्या विजेचा वेगळा स्विच बंद केला, त्याला लहानसे कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. मग माती सपाट करून खडी ठोकली आणि तिच्यावर नवा चौथरा बसवला. माझ्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून दोघांनी कातड्याचे हातमोजे चढवले, मला पट्ट्यांनी ढकलगाडीला बांधले आणि उभेच्या उभे चौथऱ्यावर आणले.

तेवढ्यात आजोबा बाहेर आले. त्यांच्या हातात होकायंत्र होते.

"मोहन, ही उत्तर दिशा आहे."

"हो बाबा. भिंतीतलं भोक इथेच आहे ना. त्यातूनच हवा घरात जाते."

"भोक दुसरीकडे पाडता येतं. हा घर तापवतो ना? मग हा अग्नी. अग्नीची जागा आग्नेयेला. तो तिकडचा कोपरा."

"बाबा, उन्हाळ्यात हाच घर गार करतो."

"मग उन्हाळ्यात वायव्येला हलवायचा?"

"कसा हलवणार? त्याला चाकं नाहीत."

ज्ञानदा दारात उभी होती. तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "सो इज ही हॉट ऑर कोल्ड?"

मी कान टवकारून बसलो होतो. म्हणजे कान असते तर टवकारले असते.

मित्रांनो, उत्तर आता मला थोडे थोडे समजले आहे. मी उष्णता तयार करत नाही. मी ती फक्त वाहून नेतो. गारठलेल्या हवेतही थोडी उष्णता शिल्लक असते. हिवाळ्यात मी ती गोळा करून घरात आणतो आणि उन्हाळ्यात घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो. म्हणजे मी पाणी वाहणाऱ्या पाणक्यासारखा. पाणक्याला कोणी 'तू ओला की कोरडा' असे विचारते का? पण त्या दिवशी हे मला सुचले नाही, आणि सुचले असते तरी सांगता आले नसते.

"बाळ येतंय मोहन," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "इतके दिवस काचेच्या पेटीत होतं ते. घरात सगळं जागच्या जागी असावं, एवढंच म्हणतोय मी."

वॉल्टरला यातले काही कळले नाही. उरलेली जोडणी उद्या करतो, तोवर याला हात लावू नका, असे सांगून तो गेला.

आजोबा दुपारी नीट जेवले नाहीत. मोहनने विचारले तेव्हा म्हणाले, "रागावलो नाही रे. पटत नाही, एवढंच." हे ऐकून मोहन अधिकच अस्वस्थ झाला. संध्याकाळी त्याचा ऑफिसातला मित्र कुमार आला. त्याचे खांदे रुंद होते आणि उत्साह त्याहून मोठा होता.

"एवढंच ना? आपणच सरकवू. काकांचं मन राहील. उद्या तो वॉल्टर आला की सांगू, इकडे जोड."

"जड आहे यार."

"मी रोज सर्व्हरचे रॅक हलवतो."

"तू रॅक हलवत नाहीस. हलवणाऱ्यांना मेल करतोस."

तरी दोघे लागलेच कामाला. पट्टे नाहीत, ढकलगाडी नाही, हातमोजे नाहीत. कुमारने माझा एक कोपरा उचलला, मोहन दुसरीकडून ढकलू लागला. आजोबा "सावकाश, सावकाश" म्हणत माझ्याजवळ आले. मी चौथऱ्याच्या कडेपर्यंत सरकलो, आणि मग माझा एक कोपरा खाली घसरला.

मी कलंडलो. अंगावर चिकटवलेला 'ही बाजू वर' हा कागद आभाळाऐवजी कुंपणाकडे बघू लागला. पोटातल्या जड यंत्राचे तेल एका बाजूला वाहू लागले. आता वर म्हणजे कुठे, हेही मला कळेना. माझे दोनशे किलोंचे ओझे कुठे जाणार आहे हे ना मला ठाऊक होते, ना त्या दोघांना.

"आजोबा, मूव्ह!" ज्ञानदा ओरडली.

आजोबांनी पाय ओढून घेतला. पाय निघाला, पण चप्पल राहिली. जाड मोज्यांवर चढवलेली त्यांची कोल्हापुरी माझ्या कोपऱ्याखाली चपटी झाली. मी तिच्यावरच टेकून थांबलो.

कुमारच्या तळहातातून रक्त येत होते. माझ्याच कडेने ते काढले होते, आणि मला त्याचे फार वाईट वाटले. आजोबा एका पायावर उभे राहून चपलेकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "हात धुऊन घे रे कुमार. हळद लाव. आणि आता कोणी याला शिवू नका. मीसुद्धा नाही."

त्या रात्री भरपूर पाऊस पडला. मी तिरकाच भिजत राहिलो. एकच विचार मनात येत होता, मी मोडलो असेन तर बाळाचे काय?

सकाळी पाऊस थांबला. शाळेची बस यायच्या आधी ज्ञानदा पिवळे गमबूट घालून बाहेर आली. तिच्या हातात कागदाची होडी होती. ती थेट आग्नेय कोपऱ्यात गेली. छपरावरचे सगळे पाणी तिथे उतरून मोठे डबके साचले होते. तिने होडी सोडली. होडी डुलत भिंतीपर्यंत गेली आणि परत आली.

आजोबा मागून आले. आज त्यांनी मोहनचे बूट घातले होते.

"इथे नेहमी एवढं पाणी साचतं का गं?"

"ऑलवेज. दिस इज माय बोट प्लेस, आजोबा. विंटरमध्ये आइस होतो. मग मी स्लाइड करते."

आजोबा खाली वाकले. मित्रांनो, त्यांनी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात केली होती. पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि कशाला पोखरते, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी भिंतीजवळची भुसभुशीत माती चिमटीत घेऊन चोळली. मग डबक्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ते स्वतःशीच हसले.

"मोहन," त्यांनी हाक मारली, "होकायंत्र बघत बसलो आणि जमिनीचा उतार बघितलाच नाही. इथे ठेवला असता तर आधीच्या पेटीसारखा हाही खचला असता. पाण्यात वीज आली असती ती वेगळीच."

थोड्या वेळाने वॉल्टर आला. मला कललेला बघून तो थबकला. मग जोडीदाराला हाक मारून त्याने मला पट्ट्यांनी उचलले आणि चपटी झालेली चप्पल काढून विचारले, "ही कोणाची?"

आजोबांनी हात वर केला. वॉल्टरने त्यांच्या पायाकडे पाहिले. दोन्ही बुटांत पाय शाबूत आहेत याची खात्री पटल्यावरच तो हसला.

त्याने माझ्या सगळ्या नळ्या तपासल्या. एकही फुटली नव्हती. मला पुन्हा चौथऱ्यावर बसवून त्याने वर पाणसळ ठेवली. पाणसळ म्हणजे जिच्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा असतो ती पट्टी. बुडबुडा मधोमध थांबला की समजायचे, बैठक सपाट आहे. आजोबा पुढे झाले आणि त्यांनीही वाकून बुडबुडा पाहिला. दोघांची भाषा वेगळी होती, पण बुडबुड्याकडे बघताना दोघांनी मान एकाच वेळी हलवली.

मग वॉल्टरने वीज बंद असल्याचे मापकाने पुन्हा तपासले, तारा जोडल्या, हवेच्या वाटा भिंतीशी घट्ट बसवल्या. शेवटी कुलूप काढून त्याने वीज दिली, पण मला सुरू मात्र केले नाही. मी कलंडलो होतो, त्यामुळे माझे तेल जागेवर बसून त्या विजेने थोडे गरम व्हायला हवे होते. "उद्या दुपारी मी येतो. त्याआधी बटण दाबलंत तर हा कायमचा बिघडेल."

"पण बाळ उद्या संध्याकाळी येणार आहे," मोहन म्हणाला. "चाललाच नाही तर?"

वॉल्टरने खांदे उडवले. ते त्यालाही ठाऊक नव्हते.

आजोबांनी घडीची खुर्ची आणली, मफलर गुंडाळला आणि ते माझ्याशेजारी बसले. कोणी बटण दाबू नये म्हणून अंधार पडेपर्यंत ते राखण करत होते. शुक्रवारी सकाळीही ते तिथेच होते. मध्येच एकदा माझ्याकडे बघून पुटपुटले, "अग्नी नाही, वायू नाही. कोण रे तू?"

माझ्या पोटातले तेल हळूहळू गरम होत होते.

शुक्रवारी दुपारी वॉल्टरने बटण दाबले. आधी काहीच झाले नाही. मोहनने डोळे मिटून घेतले. मग माझ्या पोटात घरघर झाली, पंखे फिरू लागले आणि घरातून ज्ञानदाचा आवाज आला, "इट्स वॉर्म! आजोबा, इट्स वॉर्म!"

मित्रांनो, त्यानंतर चार हिवाळे गेले. आता २००८ साल आहे. माझा रंग उडाला, पत्र्यावर पोचे आले. सुरुवातीला पाहुण्यांना कौतुकाने दाखवत असत, आता कोणी वळूनही बघत नाही. त्याचे मला दुःख नाही. तुमच्याही घरामागे माझा एखादा भाऊबंद उभा असेल. त्याच्याकडे अधूनमधून बघा. त्याच्या भोवती मोकळी जागा ठेवा, त्याला श्वास लागतो. त्याच्यावर सायकली टेकवू नका. त्याच्या पोटात हात घालू नका, तिथे वीज असते. त्याला हलवायचे असेल तर ज्याला ते काम येते त्यालाच बोलवा, आणि तो येईपर्यंत धीर धरा. आम्ही कोण आहोत हे आम्हाला नीट सांगता येत नाही. पण आम्हाला सपाट जागेवर ठेवलेत, तर आम्ही निमूट राबतो.

त्या शुक्रवारच्या संध्याकाळचे एक सांगायचे राहिले.

गाडी आली. शोभनाने बाळाला छातीशी धरून घरात नेले. दार लागले आणि सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. आजोबा मात्र मागच्या पायरीवर एकटेच उभे राहिले. पटले सगळे होते, तरी त्यांची नजर त्या अंधाऱ्या आग्नेय कोपऱ्याकडे जात होती.

तेवढ्यात ज्ञानदा बाहेर आली. तिच्या हातात दिवाळीसाठी तिने केलेला कागदी आकाशकंदील होता. आत बॅटरी पेटवून ठेवली होती. ती कोपऱ्यात गेली आणि तिने कंदील झुडपाच्या फांदीला अडकवला. खालच्या डबक्यातही एक कंदील लागला.

"हे काय गं?" ती परत आल्यावर आजोबांनी विचारले.

"फायर तिकडे, आजोबा. ही कॅन स्टे हिअर." तिने माझ्याकडे बोट दाखवले.

आजोबांनी तिचा हात धरला आणि ते दार उघडू लागले. पण ज्ञानदा हात सोडवून परत माझ्याकडे आली. माझ्या जाळीला एक ओले पान चिकटले होते. तिने ते अलगद काढले, कोपऱ्यात नेले आणि कंदिलाखालच्या पाण्यात होडीसारखे सोडून दिले.