छातीवरचा काळा पट्टा

मला जुना म्हणू नका, मित्रांनो. दोन दिवाळ्याही मी पाहिलेल्या नाहीत. मी एक सुती बनियन आहे, आणि सध्या डिंडोलीतल्या एका पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून असतो.

माझ्या छातीवर तळहाताएवढा काळा पट्टा होता. तो ग्राफीनचा. पेन्सिलीच्या शिशात कार्बनचे थरांवर थर असतात ना, त्यातला एकच थर सुटा केला की झालं ग्राफीन. वीज त्यातून सुळकन पळते. बारडोलीकडच्या उसाच्या चिपाडापासून वर्षा नावाच्या पोरीने तिच्या प्रयोगशाळेत असे पापुद्रे केले, त्यांची शाई बनवली आणि माझ्यावर चढवली. चिपाडातून आलेली ही हुशारी अंगावर मिरवताना मी जरा फुगलोच होतो, खोटं कशाला बोलू?

वर्षाने मला केलं ते तिच्या बापासाठी. निंबाभाऊ कापड विणायच्या लूमवर कामाला. त्यांचं काळीज मध्येच ठोका चुकवायचं. ते ठोके माझा पट्टा टिपायचा, खांद्यावर लावलेलं यंत्राचं बटण ते वर्षाच्या फोनला कळवायचं. बिघडलेला ठोका आला तरच फोन वाजणार. गप्प असला तर सगळं ठीक.

एकदा तो वाजला. वर्षाने लगेच कारखान्यातल्या गंगारामकाकांना फोन लावला, त्यांनी निंबाभाऊंना लूमवरून उठवून दवाखान्यात नेलं. भाऊ वाचले. त्या दिवशी घरात माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू!

वर्षाची आई चंपाबाई मात्र माझ्याकडे तिरकं बघायची. साड्यांवर पडलेले लूमच्या तेलाचे डाग काढणं हे तिचं रोजचं काम, आणि तिच्या हाताखालून डाग सुटला असं कधी झालं नव्हतं. सगळी करामत बटणाची, पट्टा म्हणजे शाई सांडलेली, अशी तिची समजूत. वर्षाने एकदा कौतुकाने सांगितलं होतं, "आई, आधीचे पट्टे पाण्याने जायचे. हा कितीही धुतला तरी जात नाही." पण न जाणारा डाग, आणि तोही चंपाबाईच्या घरात!

गंगारामकाकांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. निंबाभाऊंचा पांढरा सदरा पातळ, आतून माझा पट्टा दिसणार. डाग काढणारीच्याच नवऱ्याच्या अंगावर डाग, असं लोक म्हणाले असते. आदल्या दुपारी घरात कुणी नसताना चंपाबाईने बटण जपून काढलं, कामावरच्या डाग काढायच्या औषधाची बाटली उघडली आणि ब्रश घेतला. काय जीव लावून घासत होती हो ती! मी ओरडणार कशाने? पट्टा फिकटला, राखाडी झाला, गेला. तिने मला उन्हात धरलं आणि समाधानाने हसली. मग बटण पुन्हा लावलं.

साखरपुड्यात भाऊ रुबाबात मिरवले. दुसऱ्या दिवशी मला घालूनच लूमवर गेले. दुपारी त्यांचं काळीज अडखळलं. मी त्यांच्या छातीला चिकटून होतो, मित्रांनो, आणि मला काहीच कळलं नाही. कुणी येईपर्यंत फार उशीर झाला होता. तिकडे वर्षाचा फोन गप्प होता, म्हणून ती निर्धास्त होती.

दवाखान्यातून कपड्यांची पिशवी घरी आली. वर्षाने मला बाहेर काढलं, छातीवरून बोट फिरवलं आणि मला नाकाशी धरलं; आईच्या औषधाचा वास तिने ओळखला. तेवढ्यात चंपाबाईने विचारलं, "तुझ्या बनियनने या वेळी सांगितलं कसं नाही गं?"

वर्षाने माझी घडी घालून मला मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "त्यातच बिघाड होता, आई. माझंच चुकलं."

तेव्हापासून मी बिघडलेला. चालेल मला. पण पोर आता प्रयोगशाळेत जात नाही, याने माझा जीव तुटतो.

घरात काळं-बेरं काही दिसलं तर पुसण्याआधी एकदा विचारा, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. आणि एक विनंती. यातलं चंपाबाईच्या कानावर जाऊ देऊ नका. अधूनमधून ती पेटी उघडते, मला तोंडाशी धरून रडते, आणि निंबाभाऊंच्या फोटोकडे बघून म्हणते, "शेवटपर्यंत एक डाग ठेवला नाही मी तुमच्या अंगावर."